‘असेल’ची भाषा : मूल सैनिकी शिक्षणास गेल्यावर मातापित्यांचे बोलणे

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मूल दाखल होते तेव्हा त्याच्या पालकास दोन कागदांवर सही करावी लागते. शिक्षणाच्या ओघात मुलास इजा झाल्यास भरपाईचा हक्क सांगता येणार नाही, हे आपणांस समजले असल्याचा एक दाखला असतो. दुसरा करारनामा असतो; मुलाने शिक्षण मध्येच सोडू इच्छिल्यास त्याच्यावर झालेला खर्च परत करण्याची हमी त्यात दिलेली असते. दोन्ही कागदांत पालक हा वाक्याचा कर्ता आहे : तो जाणतो, तो मान्य करतो, तो भरून देतो. मुलाच्या दिनक्रमापुरते बोलावयाचे तर त्याचे हे कर्तेपण येथेच संपते. सही करून घरी परतलेल्या मातापित्यांच्या बोलण्यात त्यानंतर जे फेरफार होतात ते भाषेच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक ऐकण्याजोगे आहेत. आपल्या दुःखाविषयी प्रौढ माणसे, विशेषतः वडील मंडळी, सहसा उघड बोलत नाहीत; ते दुःख कसे सोसले जाते हे कळण्याचा मार्ग पुष्कळदा त्यांच्या क्रियापदांतूनच जातो.

येथे ज्या वियोगाचा विचार करावयाचा आहे तो युद्धावर जाण्याचा नव्हे आणि नुसत्या परगावी राहण्याचाही नव्हे. साताऱ्याची सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. देशातील ती पहिली. तेथे सहाव्या इयत्तेत येणारे मूल दहा ते बारा वर्षांचे असते. प्रबोधिनीत प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस आहे, तर २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत किमान वय साडेसतरा ठेवलेले आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचे उठणे, जेवणे, केस कापणे पालकाच्या हातून सुटले तरी ते मुलाच्या स्वतःच्या हाती येते. सैनिकी शिक्षणात ते तिसऱ्याच्या हाती जाते. हा भेद लहान नाही, आणि त्याची पहिली खूण आज्ञार्थात दिसते.

घरातील आईच्या मुलाशी होणाऱ्या बोलण्यातून आज्ञार्थी रूपे वगळली तर शिल्लक फार थोडे राहते. ऊठ, आवर, दूध पी, डबा विसरू नकोस, दिवेलागणीच्या आत ये. मूल छावणीच्या दारातून आत गेले त्या क्षणी हा सारा आज्ञार्थ उस्तादाकडे जातो, आणि तोही परभाषेत : सावधान, विश्राम, दाहिने मुड. (कवायत शिकविणाऱ्यास सैन्यात ‘उस्ताद’ म्हणतात. कोल्हापूरच्या तालमीतला ‘वस्ताद’ तो हाच. पोर वस्तादाच्या हवाली करून मुकाट्याने परतण्याची रीत ज्या मुलखात जुनी आहे तेथल्या बापास हा शब्द पुण्याच्या नोकरदार बापापेक्षा कमी परका वाटत असल्यास नवल नाही.) मालक नाहीसा झालेला आज्ञार्थ मात्र घरातून एकदम जात नाही. तो काही दिवस धाकट्या भावंडांवर दुप्पट जोराने कोसळतो. या काळात उरलेल्या मुलांना आई उगीच ओरडते अशी तक्रार ऐकू येते; ‘उगीच’ हा शब्द तेवढा बरोबर नाही.

वडिलांच्या बोलण्यात आज्ञार्थाचे दुसरे रूप आढळते. फोन आईच्या हाती असतो आणि वडील बाजूला बसून सांगतात, “बूट नीट बांधत जा म्हणावं,” “उस्तादाला उलट बोलू नको म्हणावं.” या ‘म्हणावं’चे व्याकरण मोठे सोयीचे आहे. आज्ञा बापाची, उच्चार आईचा, आणि ती ऐकणारा दोन मध्यस्थांपलीकडे. बापाला स्वतः बोलावे लागत नाही. त्यामुळे आवाज दाटून येण्याचा धोकाही टळतो. हे तुटकपण नव्हे, ही सोय आहे. फोन बापाच्या हाती देण्याचा आग्रह घरच्यांनी पहिल्या आठवड्यांत तरी धरू नये हे बरे.

तथापि सर्वांत लक्षणीय रूप आहे ते ‘असेल’चे. “आता उठला असेल.” “पळत असेल.” “आज पाऊस आहे, तिथंही असेल, भिजला असेल.” मराठीत ‘असणे’चे हे भविष्यरूप दुसऱ्या क्रियापदास जोडले की काळ भविष्य राहत नाही, बोलणारा वर्तमान किंवा भूतकाळाविषयी तर्क करीत असतो. जे दिसत नाही पण घडत आहे याची खात्री आहे, त्याच्यासाठी हे रूप आहे. मूल घरी असता ‘जेवला’ किंवा ‘जेवला नाही’ एवढ्यावर भागत होते. आता दिवसातून अनेकदा, घड्याळाकडे पाहून, ‘असेल’ची वाक्ये जुळविली जातात. अमेरिकेतील अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात बेपत्ता वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना एक कल्पना मांडली : माणूस देहाने नाही आणि मनाने मात्र घरात आहे, अशा हानीला शेवट नसतो, म्हणून तिचा शोकही नीट करता येत नाही. मूल घर सोडून जाणे या साध्या प्रसंगालाही त्यांनी ही कल्पना लावली आहे. अर्थात वेढा फार निराळा. शिकावयास गेलेले मूल कोठे आहे हे ठाऊक असते, सत्राअखेर ते येणार हेही ठाऊक असते. परंतु देहाने नसलेल्याला मनाने घरात वागविण्याचे काम मराठी घरात कोणते रूप करते असे विचारल्यास उत्तर ‘असेल’ हेच येईल.

हे बोलणे थांबवावे काय? शेजारी तसा सल्ला देतात : “सारखा त्याचाच विचार करू नका.” तो सल्ला चुकीचा आहे असे म्हणणे भाग आहे. ‘असेल’ हे रूप काळजी वाढवीत नाही. ते काळजीला एका वेळी एका ठिकाणी बसविते. भिजला असेल, बूट वाळवीत असेल, झोपला असेल. क्रम लागला की तो बहुधा झोपेपाशी येऊन थांबतो. काळजी वाढते ती ‘असेल का?’ने, म्हणजे तर्काला प्रश्न जोडला गेल्याने. यासाठी छावणीचा दिनक्रम पालकांना जितका तपशिलाने ठाऊक असेल तितके चांगले. दिनक्रम ठाऊक नसेल तर ‘असेल’ला क्रियापदच मिळत नाही, आणि नुसते ‘कसा असेल’ उरते.

दुसरा वर्ग ‘करमत नाही’चा. करमणे हे क्रियापद ज्याला करमत नाही त्यास कर्तेपण देत नाही. ‘मला’ असे चतुर्थीचे रूप तेथे येते. जेववत नाही, खोलीकडे बघवत नाही, ही शक्य क्रियापदेही तशीच. आठवणसुद्धा येते, ती कोणी आणीत नाही. कागदावर कर्ता असलेला पालक अशा रीतीने काही दिवसांतच केवळ अनुभव घेणारा होतो. याला दुबळेपण समजण्याचे कारण नाही, कारण वस्तुस्थिती तशीच असते. परंतु मराठीत ‘आठवण येणे’च्या शेजारी ‘आठवण काढणे’ हाही प्रयोग आहे, आणि त्यात कर्ता परत येतो. आलेली आठवण कोणत्याही वेळी येते. काढलेली आठवण ठरवून काढता येते. आठवड्याचे पत्र ही काढलेली आठवण होय. शिक्षणकाळात मोबाइल ठरावीक वेळीच हाती मिळत असल्याने पत्राला तेथे आजही मोल आहे. त्या पत्रात उपदेश कमी आणि घरची हकिकत जास्त असावी : गाय व्याली, नळाला पाणी आले, आजीने चष्मा बदलला. ‘मी केले’, ‘आम्ही गेलो’ या वाक्यांनी लिहिणाराही सावरतो.

मुलगी ‘देणे’ हा मराठीतील रुळलेला प्रयोग आहे. मुलगा मात्र सहसा देत नाहीत. त्याला अपवाद दोनच दिसतात, एक दत्तक आणि दुसरा सैन्य. “थोरला मिलिटरीला दिला,” असे म्हणणाऱ्याच्या मनात दानाचा अभिमान असतो आणि दत्तकातली तूटही असते. लेकीच्या जाण्याला ‘पाठवणी’ हे नाव आहे, विधी आहे, जात्यावरच्या विपुल ओव्या आहेत. सतरा वर्षांच्या मुलाच्या जाण्याला हातावरचे दही आणि ‘जातो नको, येतो म्हण’ एवढेच. सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या गावी, ज्याच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेले आहे, हा उणेपणा शेजार भरून काढतो. समोरच्या घरातूनही कोणी गेलेले असते. शहरी बिऱ्हाडात तसे कोणी नसते. आता लेकीही जाऊ लागल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर २०२२ साली मुली प्रबोधिनीत दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतील सतराजणींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. त्यांच्या आयांना ‘पाठवणी’ हा शब्द तयार मिळतो खरा, पण तो नीट बसत नाही. पाठवणी झालेली लेक माहेरी येते. खडकवासल्याहून येणारी लेक घरीच येते.

सगळ्यात कठीण प्रसंग पहिल्या काही फोनांपैकी एकाचा. मूल रडते, किंवा रडत नाही आणि “ठीक आहे” एवढेच तीनदा म्हणते. पालकाच्या तोंडी दडून बसलेला आज्ञार्थ त्या वेळी उसळून येतो : “परत ये.” करारनाम्यातील रक्कम त्या क्षणी कोणालाच आठवत नाही. परंतु हा शब्द एकदा उच्चारला गेला की मुलाच्या पुढे दोन आज्ञा उभ्या राहतात, उस्तादाची आणि आईची, आणि कोणती मोडावी एवढाच निर्णय त्याच्यासाठी उरतो. “तुला काय वाटतं?” या प्रश्नाने निदान ‘वाटणे’ त्याचे राहते. मूल खरोखरच परत यावयाचे असेल तर तेही त्याच्या क्रियापदाने यावे.

प्रबोधिनीचा क्रम सहा सत्रांचा, तीन वर्षांचा. भूसेनेत जाणाऱ्यास पुढे डेहराडूनला आणखी एक वर्ष. पहिले सत्र संपवून मूल सुटीवर येते तेव्हा पहाटे कोणी न उठविता उठून बसते आणि अंथरुणाची चौकोनी घडी घालते. ‘ऊठ’ म्हणावयास आलेली आई दारातच थांबते. दोन-तीन दिवसांनी बोलता बोलता ते म्हणून जाते, “रविवारी परत जायचंय.” ‘परत’ या शब्दास एक मध्य लागतो, आणि तो मध्य या वाक्यात घर नाही. मुलाच्या हे लक्षातही येत नाही. आईच्या येते, ती विचारते, “किती वाजताची गाडी?”