ब्राउझराची मांडणी आणि मनाची एकाग्रता

वाचनालयांत विद्यार्थी पुस्तक मागतो, ग्रंथपाल तें कपाटांतून काढून मेजावर ठेवतो, आणि विद्यार्थी वाचूं लागतो. पुस्तकाकडे सर्वांचें लक्ष असतें. तें आणून देणाराकडे कोणाचेंच नसतें. संगणकावरील ब्राउझर हा असाच एक मूक सेवक आहे. आपण दिवसाकाठीं त्याच्याकडून शेंकडों पानें मागवितों, परंतु तीं तो कोणत्या रीतीनें मांडतो, ती रीत आपल्याला सोयीची आहे कीं नाहीं, ह्याचा विचार क्वचितच करतों. तो विचार करावा एवढ्यासाठींच हा लेख आहे.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष वेधलें तें एका लहानशा प्रसंगानें. गेल्या वर्षीं एके दिवशीं मधल्या सुटींत आम्ही शिक्षकांच्या खोलींत बसून दहावीच्या वर्गासाठीं प्रकाशाच्या अपवर्तनाचा पाठ तयार करीत होतों. संगणकावर तीसएक टॅब उघडे होते. त्यांत पाठाचें साहित्य होतें, जुन्या प्रश्नपत्रिका होत्या, हजेरीचा तक्ता होता, आगगाड्यांचें वेळापत्रक होतें, आणि खरें सांगावयाचें तर क्रिकेटच्या सामन्याचा धावफलकही होता. इतक्यांत नववींतील एक मुलगा मेजाशीं येऊन उभा राहिला. “सर, थोडं बोलायचं होतं,” तो म्हणाला. “थांब हं बाळ, एवढं एक पान सांपडूं दे,” असें आम्ही म्हटलें व तें पान शोधूं लागलों. एक टॅब उघडला, तो नव्हे. दुसरा उघडला, तोही नव्हे. तिसऱ्यांत एक बातमी दिसली, ती दोन ओळी वाचली. मान वर केली तेव्हां मुलगा निघून गेला होता.

आठ दिवसांनीं कळलें कीं, त्याला शाळेंतून काढून मामाच्या दुकानांत कामास ठेवावें असें घरीं ठरत होतें, आणि तेंच सांगावयास तो आला होता. पुढें त्याच्या घरीं जाऊन आम्ही वडिलांशीं बोललों, त्यांनींही ऐकून घेतलें, आणि तो मुलगा आज शाळेंत आहे. परंतु ते आठ दिवस त्यानें एकट्यानें काढले, हें आमच्या खातीं जमा आहे. दोष ब्राउझराचा नव्हे, आमचा होता. तथापि कारागिराच्या हातून चूक झाली म्हणजे तो आपल्या हत्यारांकडेही एकदां पाहतो. त्याप्रमाणें आम्हीही पाहिलें.

प्रथम ब्राउझर म्हणजे काय तें समजून घेऊं. जगांतील निरनिराळ्या ठिकाणच्या संगणकांवर ठेवलेलीं पानें मागवून आणणें आणि तीं आपल्या पडद्यावर वाचतां येतील अशा रूपानें मांडणें, हें त्याचें काम. आपण पत्ता टंकला कीं तो त्या पत्त्यावरील संगणकाकडे मागणी पाठवितो. तिकडून मजकूर येतो व मजकुराबरोबर तो कसा मांडावा ह्याच्या खुणा येतात. त्या खुणा वाचून ब्राउझर अक्षरें, चित्रें व रंग पडद्यावर रेखाटतो. टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें जिनीव्हाजवळच्या सर्न संस्थेंत इ. स. १९८९ मध्यें ह्या योजनेचा आराखडा मांडला आणि १९९० मध्यें पहिला ब्राउझर स्वतः तयार केला. त्यांत पानें वाचतां येत, तशींच तीं लिहितांही येत. १९९३ मध्यें अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत मार्क अँड्रीसेन व एरिक बिना ह्यांनीं मोझाइक नांवाचा ब्राउझर रचला. त्यांत मजकुराच्या जोडीनें त्याच पानावर चित्रें दिसूं लागलीं आणि सामान्य लोक ह्या साधनाकडे वळले. त्याच वर्षीं ३० एप्रिल रोजीं सर्न संस्थेनें ही सर्व रचना कोणालाही विनामूल्य वापरण्यास मोकळी केली.

आरंभीं प्रत्येक नव्या पानासाठीं वेगळी खिडकी उघडावी लागे. एकाच खिडकींत अनेक पानें ठेवण्याची टॅबांची युक्ति १९९० नंतरच्या दहा वर्षांतच निघाली होती. परंतु ती घरोघर पोंचली ती २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या फायरफॉक्समुळें आणि २००६ मध्यें निघालेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीमुळें. २००८ मध्यें गूगलनें क्रोम काढला. त्यांत टॅबांची ओळ अगदीं माथ्यावर गेली आणि पत्ता लिहिण्याची व शोध घेण्याची जागा एकच झाली. आज बहुतेक ब्राउझर दिसावयास ह्याच वळणाचे आहेत.

ही मांडणी चार-पांच पानांसाठीं उत्तम आहे. चाळीस पानांसाठीं नाहीं. हें साध्या गणितानें पटेल. एखादा पडदा १९२० बिंदू रुंद व १०८० बिंदू उंच आहे असें धरा. माथ्यावर ४० टॅब आडवे ठेवले तर प्रत्येकाच्या वांट्यास ४८ बिंदू येतात. तेवढ्या जागेंत लहानशी खूण मावते, पानाचें नांव मावत नाहीं. आतां तेच टॅब बाजूला उभ्या यादींत एकाखालीं एक लिहिले आणि प्रत्येक ओळीस ३० बिंदू उंची दिली, तर ३६ नांवें पूर्ण वाचतां येतील अशीं एकदम दिसतात. शाळेच्या हजेरीपुस्तकांत नांवें एकाखालीं एक कां लिहितात, ह्याचें कारणही हेंच. शिवाय आजचे पडदे उंचीपेक्षां रुंदीला मोठे असतात, आणि लेखाच्या दोन्ही बाजूंस जागा बहुधा रिकामीच राहते. म्हणजे जी जागा विपुल ती आपण वायां घालवितों, आणि जी थोडी तिच्यांतच गर्दी करतों.

परंतु प्रश्न केवळ जागेचा नाहीं, मनाचाही आहे. हर्बर्ट सायमन ह्या विद्वानानें १९७१ मध्येंच दाखवून दिलें होतें कीं, माहिती ही माणसाचें लक्ष खाऊन टाकते. म्हणून माहिती जितकी विपुल, तितकें लक्ष दुर्मिळ. सोफी लिरॉय ह्या संशोधिकेनें २००९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा आशय असा कीं, एक काम अपुरें टाकून दुसऱ्याकडे वळलें असतां मनाचा कांहीं अंश पहिल्या कामांतच गुंतून राहतो, आणि दुसरें काम त्या मानानें कमी प्रतीचें होतें. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२१ मध्यें खुद्द टॅबांचाच अभ्यास प्रसिद्ध केला. लोक टॅब उघडा ठेवतात तो पुष्कळदां वाचण्यासाठीं नव्हे, तर आठवण राहावी म्हणून. तो मिटला तर पान पुन्हां हातीं लागणार नाहीं ह्या भीतीनें ते मिटीत नाहींत. आणि मग त्याच गर्दीनें कष्टी होतात, असें त्यांना आढळलें. उघडा टॅब म्हणजे एक अपुरें काम. तीस अपुरीं कामें डोळ्यांपुढें टांगून ठेवणाराचें चित्त एका कामावर कसें ठरावें?

ह्या अडचणीवर उपाय म्हणून ज्यांनीं ब्राउझराची मांडणी नव्यानें रचली, त्यांत न्यूयॉर्क येथील ‘द ब्राउझर कंपनी’चें उदाहरण बोधप्रद आहे. तिनें तयार केलेला ‘आर्क’ नांवाचा ब्राउझर जुलै २०२३ मध्यें मॅक संगणकांसाठीं व एप्रिल २०२४ मध्यें विंडोजसाठीं सर्वांस खुला झाला. त्याचें आंतील यंत्र क्रोममध्यें असतें तेंच, म्हणजे क्रोमियम, होतें. पान मागविण्याची व रेखाटण्याची क्रिया जुनीच. बदलली ती भोंवतालची मांडणी.

त्यांतील मुख्य बदल चार सांगतां येतील. पहिला, टॅबांची यादी माथ्यावरून काढून डाव्या बाजूस उभी केली. दुसरा, निरनिराळ्या कामांसाठीं निरनिराळीं दालनें केलीं. अध्यापनाच्या दालनांत असतां घरच्या कामाचे टॅब दृष्टीस पडतच नाहींत. तिसरा, नित्य लागणारीं पानें यादींत वर कायमचीं लावून ठेवावयाचीं, आणि बाकीचीं बारा तास वापरांत आलीं नाहींत तर तीं आपोआप संग्रहांत जावयाचीं. गरज पडल्यास तीं तेथून परत काढतां येतात. ही युक्ति आम्हांस सर्वांत मार्मिक वाटते. रोज सकाळीं फळा पुसलेला असावा, मात्र पुसलेलें कोठें तरी लिहून ठेवलेलें असावें, अशी ती सोय आहे. चौथा, दोन पानें एकाच खिडकींत शेजारीं शेजारीं ठेवावयाचीं, म्हणजे एका बाजूस धडा वाचून दुसऱ्या बाजूस टिपण करतां येतें व मागें-पुढें उड्या माराव्या लागत नाहींत.

इतकें असूनही आर्क सर्वत्र पसरला नाहीं. २०२४ मध्यें चालकांनीं त्यांत नव्या सोयी घालण्याचें काम थांबविल्याचें सांगितलें. २०२५ मध्यें त्यांनीं कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला ‘डिया’ नांवाचा दुसरा ब्राउझर पुढें आणला. आणि त्याच वर्षीं ॲटलासियन ह्या मूळच्या ऑस्ट्रेलियन कंपनीनें त्यांची कंपनी सुमारें ६१ कोटी डॉलरांस विकत घेण्याचें जाहीर केलें. आर्क कां पसरला नाहीं ह्याविषयीं चालकांनींच दिलेलें एक कारण असें कीं, त्यांत नव्या गोष्टी फार होत्या, आणि त्या शिकण्याचे श्रम बहुतेकांना जड गेले. ही गोष्ट शिक्षकांनींही ध्यानांत धरण्यासारखी आहे. साधन कितीही उत्तम असो, जुनी संवय सोडण्याचा मोबदला शिकणाराला लवकर दिसला नाहीं, तर तो त्यापासून दूर राहतो.

कल्पना मात्र वायां गेल्या नाहींत. उभ्या टॅबांची सोय मायक्रोसॉफ्टच्या एजमध्यें २०२१ पासून आहे, आणि फायरफॉक्समध्यें ती मार्च २०२५ मध्यें आली. क्रोममध्यें टॅबांचे रंगीत गट २०२० पासून करतां येतात. लेखाभोंवतालच्या जाहिराती व खिडक्या झांकून केवळ मजकूर दाखविणारी वाचनाची सोय ॲपलच्या सफारींत २०१० पासून आहे.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मांडणी सहसा आपण निवडीत नाहीं. ती आपल्याला आयती मिळते, आणि आयतें मिळालेलें बहुतेक लोक बदलीत नाहींत. ह्या आयतेपणाचें मोल मोठ्या कंपन्या जाणतात. सफारींत आपलाच शोध आयता मिळावा म्हणून गूगलनें ॲपलला २०२२ ह्या एका वर्षांत सुमारें २,००० कोटी डॉलर दिले, असें अमेरिकेंतील न्यायालयाच्या कागदपत्रांवरून उघड झालें. ज्या निवडीसाठीं दुसरे इतका पैसा मोजतात, ती निवड आपण स्वतः दोन मिनिटें बसून करावी, हें शहाणपणाचें होय.

विद्यार्थ्यांनीं काय करावें? नवा ब्राउझर घेतलाच पाहिजे असें नाहीं. हातांत आहे त्यांतच पुढील गोष्टी करून पाहाव्या. पहिली गोष्ट ही कीं, टॅब मिटण्याची भीति सोडावी. कंट्रोल, शिफ्ट व टी ह्या तीन कळा एकदम दाबल्या असतां क्रोम, एज व फायरफॉक्स ह्या तिन्हींत शेवटीं मिटलेला टॅब परत उघडतो. इतिहासाच्या यादींत जुनीं पानेंही सांपडतात. पुन्हां लागणारें पान असेल तर त्याची वाचनखूण ठेवावी आणि टॅब मिटावा. अभ्यासासाठीं एक वेगळी खिडकी, शक्य असल्यास वेगळें प्रोफाइल, ठेवावें व त्यांत करमणुकीचें एकही पान उघडूं नये. संकेतस्थळें सूचना पाठविण्याची परवानगी मागतात, ती नाकारावी. लांब लेख वाचनाच्या सोयींत उघडावा. उभी यादी मिळत असेल तर ती आठ दिवस वापरून पाहावी. पहिले दोन दिवस अवघड जातील, तेवढ्यावरून ती टाकूं नये. आणि दिवसाचें काम संपतांना सर्व टॅब मिटून उठावें, जसा विद्यार्थी वर्गांतून जातांना आपला बांक आवरतो.

हे सर्व उपाय आम्ही करून पाहिले आहेत. तीस टॅबांचे आतां सहा-सात झाले आहेत. पान शोधण्यांत जाणारा वेळ पुष्कळ वांचतो, आणि पाठही अधिक नेटका तयार होतो. तथापि उत्तम मांडणी मनाला एकाग्रता देत नाहीं, ती फक्त मार्गांतले धोंडे बाजूस करते. चालावयाचें तें आपणच. म्हणून आम्ही एक नियम आणखी केला आहे, आणि त्यास कोणताही ब्राउझर लागत नाहीं. मेजाशीं कोणी मूल येऊन उभें राहिलें, कीं प्रथम पडदा मिटावयाचा, आणि मग विचारावयाचें, “बोल बाळ, काय म्हणतोस?”