जोडीदाराचा परवाना आणि पगाराची चिठ्ठी



मुंबईच्या गिरणगावात एका खोलीत दहा-पंधरा गडी राहात आणि त्यांच्या बायका कोकणात वा घाटावर शेत सांभाळीत. वर्षाकाठी शिमग्याला किंवा गणपतीला गाठ पडे. बाकी संसार मनीऑर्डरीवर चाले. असे संसार आम्ही लहानपणी पाहिले. नवराबायको एका छपराखाली नाहीत म्हणून त्यांचे नाते खोटे, असे म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती. पण ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या माणसाला परदेशी जोडीदार तेथे आणावयाचा असेल, तर नाते खरे कशावरून, असे सरकार विचारते. त्याच्या कसोट्या कशा बदलत गेल्या, ते आज पाहू.

प्रथम संशयाचा काळ. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य-तपासणी करण्यात आली. कारण एवढेच की, वाग्दत्त वधूला आगाऊ परवाना लागत नसे, पत्नीला लागे! पुढे परदेशी नवऱ्यांना नियम लागला: लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळविणे हा नव्हता, हे अर्जदाराने सिद्ध करावे. नसलेला हेतू सिद्ध कसा करावयाचा? १९८५ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने, नवऱ्यांना एक न्याय आणि बायकांना दुसरा हा भेदभाव होय, असा निकाल दिला. तेव्हा सरकारने तोच जाच बायकांनाही लावला! एका खात्याला बोनस नाही म्हणून तक्रार करावी आणि मालकाने दुसऱ्याचाही कापावा, तशी ही समता. हा नियम १९९७ मध्ये रद्द झाला.

त्याच वर्षी, ज्यांना कायद्याने लग्नच करता येत नव्हते अशा जोडप्यांसाठी, विशेषतः समलिंगी जोडप्यांसाठी, सवलत निघाली. अट चार वर्षे एकत्र राहिल्याची. १९९९ मध्ये ती दोन वर्षांवर आली. डिसेंबर २००५ पासून समलिंगी जोडप्यांना नागरी भागीदारी नोंदविता येऊ लागली आणि असा जोडीदार प्रवेशाच्या बाबतीत पतिपत्नींच्या बरोबरीला आला. आपल्याकडील १९५४ च्या कायद्याखालच्या नोंदणी-विवाहाशी याची गल्लत करू नये. तो विवाहच असतो. नागरी भागीदारी हे विवाहाहून निराळे, पण कायद्याने मानलेले नाते आहे.

ज्यांच्या नात्याची नोंदच नाही, त्यांना मात्र एकत्र राहिल्याचे पुरावे द्यावे लागत: भाड्याचा करार, विजेचे बिल, एकाच पत्त्यावर आलेली पत्रे. परवान्यावाचून ब्रिटनमध्ये एकत्र राहता येत नाही, आणि एकत्र राहिल्यावाचून परवाना नाही! भारतातील समलिंगी जोडप्यांना तर येथे लग्नाची वाट नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी मान्यता देण्यास नकार दिला. अखेर ३१ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने नियम सैल केला. दोन वर्षांचे विवाहासारखे नाते पुरे. एका घरात राहिलेच पाहिजे असे नाही. गिरणगावाला ठाऊक असलेली गोष्ट लंडनला एवढ्या उशिरा पटली.

परंतु एक कडी निघाली तोच दुसरी घट्ट झाली. जोडीदार आणणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड हवे, अशी अट २०१२ पासून होती. ११ एप्रिल २०२४ रोजी ती रक्कम २९,००० झाली. त्याच महिन्यात तेथील प्रौढ कामगाराचे किमान वेतन तासाला ११.४४ पौंड झाले. आठवड्याला ४० तास आणि ५२ आठवडे धरून हिशेब करा: २४,००० सुद्धा भरत नाहीत! बाहेरून येणाऱ्या जोडीदाराची परदेशातील नोकरीची कमाई जमेस धरीत नाहीत. केवळ बचत दाखवावयाची तर ८८,५०० पौंड हवेत.

सरकार म्हणते, नव्या कुटुंबाचा बोजा करदात्यांवर पडू नये. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः मान्य केली. मात्र मुलांच्या हिताचा विचार नियमांत पुरेसा नाही, असा दोष दाखविला. पण आलेल्या जोडीदाराला प्रारंभीची वर्षे सरकारी भत्ते सहसा मिळतच नाहीत. मग पूर्ण वेळ राबणाऱ्या कामगाराचा बोजा तो कोणता?

वेतनाची लढाई भाकरीसाठी असते, असे आम्ही सभांतून सांगत आलो. ती घरात कोण राहू शकेल यासाठीही असते, हे या नियमांनी आम्हांस शिकविले. नात्याचा खरेखोटेपणा सरकारने जरूर तपासावा. पण ते खरे ठरल्यावर पुन्हा पगाराची चिठ्ठी पाहून त्याला दारातच अडवू नये, एवढेच आमचे मागणे आहे.