सायकलीवरचे पोट : डांबर आणि चिखल

पहाटे पाववाल्याचा भोंपू वाजला, की आपल्याकडे सायकलीचा दिवस सुरू होतो. त्याच्यामागून पोस्टमन, मग शाळेची मुले. पण सायकल हाकणे हाच ज्याचा व्यवसाय, असा मनुष्य नांदगावच्या तिठ्यावर कोणी पाहिला असेल असे आम्हांला वाटत नाही. एका गृहस्थांनी आम्हांला मध्यंतरी विचारले, "मुलगा शर्यतीच्या सायकलीसाठी हट्ट धरून बसला आहे. यात पोट भरते का हो?" प्रश्न साधा; पण त्याला उत्तर द्यायचे तर शर्यत म्हणजे काय, ते आधी पाहावे लागते.

सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती वाऱ्याशी झुंजण्यात जाते. वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा विरोध चौपट होतो, आणि तो तोडायला लागणारी शक्ती आठपट. म्हणून शर्यतीत स्वार एकमेकांच्या पाठीशी दडून चालतात. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिले, तर एक-चतुर्थांशाहून अधिक कष्ट वाचतात. दिसायला ही शर्यत एकेकट्याची, पण लढली जाते संघाने. सात माणसे वारा खातात, पाण्याच्या बाटल्या आणून देतात, आणि आठवा माणूस जिंकतो.

घाट लागला की मात्र हा आडोसा संपतो. वेग उतरतो, वाऱ्याचे महत्त्व जाते, आणि उरते ते वजन. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणत आले आहेत, ते उगाच नव्हे. हिशेब करून पाहा. सत्तर किलोचा स्वार आणि आठ किलोची सायकल पाचशे मीटर उंच न्यायची आणि तीही पंचवीस मिनिटांत, तर सतत अडीचशे वॅट शक्ती लागते. घरच्या विहिरीवरचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप आठवा. त्याच्या दोन-तृतीयांश काम एका माणसाच्या मांड्यांनी पंचवीस मिनिटे न थांबता करायचे! फोंडाघाट सायकलीने चढू पाहणारे आमच्यासारखे लोक अर्ध्या वाटेवर उतरून सायकल ढकलू लागतात, याचे कारण आता ध्यानात येईल.

ही झाली डांबराची शर्यत. तिची एक धाकटी बहीण आहे, तिला सायक्लो-क्रॉस म्हणतात. तीन किलोमीटरच्या आसपासचे रिंगण शेतातून, रानातून, वाळूतून आखतात आणि स्वार तासभर त्यात फेऱ्या घालतात. वाटेत आडव्या फळ्या, चढण, पायऱ्या. तिथे उतरायचे, सायकल खांद्यावर टाकायची, पळायचे आणि पुन्हा उडी मारून बसायचे. चिखलाने जड झालेली सायकल ठरल्या जागी देऊन धुतलेली घेता येते. युरोपात हा हिवाळी खेळ आहे. तिकडच्या लोकांना याचे मोठे अप्रूप. पण व्हाळाला पाणी आले म्हणजे सायकल खांद्यावर घालून साकव ओलांडणे आपल्याकडे कोणी केले नाही? आम्ही तर ते दप्तरासकट केले आहे.

ही जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिस येथे प्रथम झाली आणि ती जिंकली झाँ रोबिकने, म्हणजे १९४७ सालच्या टूर द फ्रान्सच्या विजेत्याने. दोन्ही बहिणींचे नाते असे मुळापासूनचे आहे.

आजच्या काळात हे नाते पाहायचे तर बेल्जियमच्या वाउट व्हान आर्टकडे पाहावे. जन्म १९९४, हेरेन्तल्स गावचा. २०१६, २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षे तो चिखलातला जगज्जेता होता. पुढे डांबराकडे वळला. २०१९ साली टूर द फ्रान्समध्ये आल्बी गावी एक टप्पा त्याने जिंकला, आणि चारच दिवसांनी पो येथे वेळेच्या शर्यतीत कठड्याला घासून मांडी फाडून घेतली. कित्येकांची कारकीर्द अशा जखमेने संपते. पण २०२० च्या ऑगस्टमध्ये एका आठवड्याच्या अंतराने त्याने इटलीतल्या दोन शर्यती जिंकल्या. एक टस्कनीच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरची स्त्रादे बियांके, दुसरी मिलान-सान रेमो. २०२१ च्या टूरमध्ये त्याने मों व्हाँतूचा डोंगर दोनदा चढायचा टप्पा जिंकला, एकट्याने घड्याळाविरुद्धचा जिंकला, आणि शेवटी पॅरिसमधली झुंडीची धावही जिंकली. पहाडी बैल आणि शर्यतीचा घोडा एकाच कातड्यात असावेत, तसे हे आहे.

तरीही आम्हांला त्याचे दुसरेच काम अधिक मोलाचे वाटते. २०२५ च्या जिरो द इतालियामध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी तो सकाळीच पुढे निसटला. कोल्ले देल्ले फिनेस्त्रेचा मातीचा घाट ओलांडून त्याचा सोबती सायमन येट्स एकटा खाली येताच व्हान आर्टने त्याला आपल्या पाठीशी घेतले आणि खोऱ्यातला वारा स्वतः खाल्ला. गुलाबी सदरा येट्सला मिळाला. पगार असतो तो या कामाचाही.

हा पगार येतो कोठून? रस्त्यावरच्या शर्यतीला तिकीट लावता येत नाही. सारा पैसा सदऱ्यावरच्या जाहिरातीचा. पुरुषांच्या अव्वल श्रेणीत १८ संघ, प्रत्येकात तीस-एक स्वार. म्हणजे साऱ्या जगात पाचशेच्या आसपास जागा. त्यांना किमान वेतन ठरवून दिलेले आहे, पण जाहिरातदार निघून गेला की संघच मोडतो.

आपली माणसे या वाटेने गेली नाहीत. ती गेली लांब पल्ल्याला. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली दोघांच्या संघाने 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली. २०१७ साली नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ आणि सैन्यदलातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकेकट्याने पार केली. जवळजवळ ४,९०० किलोमीटर, मुदत बारा दिवसांची, आणि दुसऱ्याच्या आडोशाला चालण्यास मनाई. चौघेही डॉक्टर! पोटाची व्यवस्था आधी, सायकल मागून. हा क्रम आम्हांला लक्षणीय वाटतो.

त्या गृहस्थांना आम्ही हे सर्व सांगितले. पाचशे जागांचा आकडा ऐकून ते गप्प झाले. मग म्हणाले, "तरी पोराला फोंड्याचा घाट किती मिनिटांत चढतो ते पाहू द्या." आम्ही म्हटले, घड्याळ आमचे घेऊन जा.