दवाखान्यातलं बीपी आणि रुमालावरचं लव्हेंडर

दंडाला पट्टा गुंडाळला की काहींच्या छातीत धडधड सुरू होते. डॉक्टर आकडा सांगतात, १६०/९६. संध्याकाळी घरच्या मशीनवर तोच १२६/८० निघतो. मग कुणीतरी मायेनं सुचवतं, ‘तपासणीआधी रुमालावर लव्हेंडरचे दोन थेंब टाकून हुंगा, बीपी उतरेल.’ कुणी ओव्याची पुरचुंडी देतं, कुणी निलगिरीची बाटली. या सल्ल्यांच्या आसपास बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : दवाखान्यात बीपी चढतं, म्हणजे माणूस भित्रा.

वस्तुस्थिती : इटलीतल्या मिलानमध्ये ज्युसेप्पे मान्चिया आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या धमनीत बारीक नळी घालून रक्तदाब सलग टिपला. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात, डॉक्टर बीपी मोजायला खाटेजवळ आले की वरचा आकडा सरासरी २७ नं चढत होता. पहिल्या चार मिनिटांत चढ, मग उतार. ज्यांना बीपीचा त्रासच नव्हता, त्यांचंही तेच. पुढच्या अभ्यासात नर्सनं मोजल्यावर ही वाढ जवळपास निम्मीच भरली. म्हणजे ही शरीराची आपोआप उमटणारी प्रतिक्रिया आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दवाखान्यात सतत १४०/९० च्या वर आणि घरी नॉर्मल, अशा स्थितीला डॉक्टर ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ म्हणतात.

गैरसमज : हुंगल्यावर बीपी उतरलं, म्हणजे औषध लागू पडलं.

वस्तुस्थिती : वासाची वाट मेंदूतल्या भावनांशी निगडित भागांपर्यंत फार जवळची आहे. त्यामुळे आवडीच्या सुगंधानं मन निवतं, हा अनुभव खोटा नाही. लव्हेंडरवरच्या काही छोट्या अभ्यासांत घबराट आणि रक्तदाब तात्पुरते कमी झालेले दिसतात. अडचण अशी, की वास लपवता येत नाही. आपल्याला काय दिलंय हे रुग्णाला कळतं आणि अपेक्षेचाही परिणाम होतो. शिवाय हुंगताना माणूस शांत बसतो, श्वास लांब घेतो. मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतले, तर सुगंधाशिवायही दाब काही वेळ उतरतो. नुसतं हुंगून महिनोन्‌महिने बीपी आटोक्यात राहतं, याला भरवशाचा पुरावा नाही.

गैरसमज : झाडपाल्याचंच आहे, अपाय कसला?

वस्तुस्थिती : उग्र वासानं दमेकऱ्याचा दमा उसळू शकतो. कापूर किंवा निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं, तर झटके येऊ शकतात. वाफ घेताना उकळतं पाणी अंगावर सांडून मुलं भाजतात. आणि घशासाठी रोज चघळलं जाणारं ज्येष्ठमध फार झालं, तर शरीरातलं पोटॅशियम घटतं आणि बीपी चक्क वाढतं.

गैरसमज : आकडा दवाखान्यातच फुगतो, मग गोळी सोडली तरी चालेल.

वस्तुस्थिती : दवाखान्यातच आकडा फुगणाऱ्यांपैकी काहींना पुढे कायमचं बीपी जडतं, त्यामुळे लक्ष ठेवावंच लागतं. काहींचं तर उलटं असतं, दवाखान्यात नॉर्मल आणि घरी जास्त. हा छुपा रक्तदाब हृदयाला आणि मेंदूला जास्त घातक. गोळी चालू असेल, तर ती कमी करण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांचाच.

खरा आकडा हवा असेल, तर मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर असावा. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, तोकडा पट्टा आकडा वाढवून दाखवतो. गप्पाही थांबवाव्यात, कारण नुसत्या बोलण्यानं दाब वाढतो.

घरी सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजून वहीत लिहावं. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर दवाखान्यातला आकडा निव्वळ धास्तीचा नव्हता. शंका उरली, तर डॉक्टर २४ तास दंडाला बांधायचं यंत्र देतात. मात्र आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोबडी वळणं असेल, तर वही, सुगंध सगळं बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावं.

लव्हेंडर आवडत असेल, दमा नसेल, तर एरवी खुशाल हुंगावं. मोजण्याआधी हुंगलं असेल, तर तेही वहीत त्या आकड्यापुढे लिहावं आणि पुढच्या खेपेला वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी.