दिव्यांची अवस आणि प्रतिपदेची तहान

आषाढाच्या अखेरीस हिर्डोशीच्या खोऱ्यात सूर्यदर्शन दुर्मीळच. भोरहून वरंधा घाटाकडे जाणारा रस्ता एका बाजूस नीरा-देवघरचा जलाशय आणि दुसऱ्या बाजूस ढगांत बुडालेले डोंगर यांमधून वाट काढीत जातो. खाचरांतून भाताची लावणी चाललेली असते. अशा काळोख्या दिवसांत दिव्यांची अवस येते. समया, निरांजने, लामणदिवे घासूनपुसून पाटावर मांडले जातात, कणकेचे गोड दिवे उकडतात, आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो.

या मंगल तिथीला लोकांनी 'गटारी' असे दुसरेच नाव चिकटविले आहे. महिनाभर जे वर्ज्य करावयाचे ते एका रात्रीत उरकून घ्यावे, असा त्यामागील हिशेब! तो आम्हांस मुळीच रुचत नाही. परंतु आज आम्ही त्या रात्रीची निंदा करावयास बसलेलो नाही. प्रश्न आहे तो प्रतिपदेच्या सकाळचा. ज्या घरात काल दीपपूजन झाले त्याच घरात कोणी कोरड्या जिभेने, डोके धरून पडलेला असतो, आणि घरची माउली लाजेने दार लोटून त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवते. त्या तांब्यात काय असावे?

प्रथम तहानेचे कारण पाहू. मेंदूतून स्रवणारा एक रस मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्यास सांगत असतो. मद्य त्या रसालाच अडविते. म्हणून पिणाऱ्याला वरचेवर लघवीस जावे लागते. यात जाते ते मुख्यत्वे पाणी. क्षार फारसे जात नाहीत. उलट्या वा जुलाब झाले तर मात्र तेही जातात. तेव्हा नुसती तहान असेल तर साधे पाणी, पातळ ताक किंवा मीठ घातलेली भाताची पेज पुरेशी होते. एकदम तांब्याभर नव्हे, घोटाघोटाने. आपल्या पूर्वसूरींनीही हा विचार केला होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि खजूर, द्राक्षे, डाळिंब, चिंच, आवळा पाण्यात घुसळून केलेला मंथ आयुर्वेदाने मद्यविकारांवर सांगितला आहे. पाणी, साखर आणि फळांतले क्षार एकाच पेल्यात आले, असे आजच्या भाषेत म्हणता येईल.

उलट्या-जुलाब झाले असतील तर जलसंजीवनी द्यावी. आतड्याच्या अस्तरातून मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते, एवढेच तिचे रहस्य. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने हाहाकार माजविला होता. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपे भरभरून पाजले आणि शेकडा तीसच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण चारच्या खाली आणले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. हे पाणी घरीही होते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने वाढवू नये. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वैद्यास विचारूनच घ्यावे. दुकानात मिळणाऱ्या गोड, रंगीत बाटल्या म्हणजे जलसंजीवनी नव्हे. प्रमाणित सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर 'ओआरएस' ही अक्षरे छापण्यास केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

घरोघरी एक शंका हटकून निघते. श्रावणातला उपवास आहे, मग पाणी कसे चालेल? धर्मशास्त्राने व्रतास बाध न आणणाऱ्या आठ गोष्टी गणल्या आहेत. त्यांत पहिले पाणी आहे आणि शेवटचे औषध. रात्री प्यालेल्याने सकाळी निर्जळी उपवास धरून प्रायश्चित्त घेणे हे शास्त्रही नव्हे आणि शहाणपणही नव्हे.

मात्र पाण्याने तहान भागते, दारू उतरत नाही. ती यकृत आपल्या गतीने उतरविते. लिंबू, ताक वा जलसंजीवनी यांपैकी कशानेही तिला घाई होत नाही. मोडलेली झोप आणि चाळवलेले पोट यांवरही हा उपाय नव्हे. जो हाका मारूनही जागा होत नाही, ज्याचा श्वास मंदावला आहे, त्याच्या तोंडात तर थेंबही घालू नये. ते पाणी फुप्फुसांत उतरते. त्याला कुशीवर वळवून रुग्णवाहिका बोलवावी. डोळ्यांपुढे धुके येऊ लागले तर ती साधी नशा समजू नये. मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली; त्या विषावर मीठसाखरेचा काही उपयोग नसतो.

आणि आम्हांस सर्वांत अधिक सांगावयाचे आहे ते रोज पिणाऱ्याविषयी. तो श्रद्धेने श्रावण पाळतो, प्रतिपदेला एकाएकी बंद करतो, आणि घर आनंदते. काही तासांत त्याचे हात कापू लागतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी तो नसलेली माणसे पाहू लागतो, असंबद्ध बोलू लागतो. घरची मंडळी अंगारा लावतात, कोणी म्हणते बाहेरची बाधा झाली, कोणी लिंबूसरबत पाजते. वस्तुतः नित्याची दारू अचानक तुटल्याने मेंदू खवळलेला असतो. उपचार न झाल्यास यात मृत्यूही येतो, आणि वेळेवर औषधे व 'ब१' जीवनसत्त्व मिळाल्यास माणूस वाचतो. त्याचा संकल्प मोडू नये, पण तो वैद्याच्या देखरेखीखाली पार पडावा.

हिर्डोशीकरांना हे अधिकच ध्यानी ठेवावे लागते. अतिवृष्टीत अलीकडे वरंधा घाट वाहतुकीस वारंवार बंद राहतो. महाडची वाट तुटते आणि उरतो तो भोरकडचा ओला, वळणावळणाचा रस्ता. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते, पण तिलाही तोच रस्ता कापावा लागतो. घरात असा माणूस असेल तर अवसेच्या आठ दिवस आधीच, उघडीप पाहून, त्याला भोरच्या डॉक्टरांकडे नेऊन आणावे.