चिप म्हणजे जीपीएस नाही भाऊ!

मागच्या आठवड्यात चिखलीच्या एका मित्राचा मेसेज आला: "दादा, कुत्र्याला चिप बसवली की तो कुठं आहे ते मोबाईलवर दिसतं ना?" अगदी हाच प्रश्न आणखी तिघांनी विचारला. म्हणून आजचा एपिसोड त्यावरच. ऐकायला वेळ नसेल, तर खाली वाचा.

सरळ उत्तर: नाही दिसत.

का दिसत नाही, ते समजायला आपल्याच जिल्ह्यातला वाघ घेऊ. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात 2019 मध्ये एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली. तो महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेतं, नाले, रस्ते ओलांडत वर्षाच्या शेवटी आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. 1,300 किलोमीटर! हे कळलं कसं? त्या पट्ट्यात बॅटरी होती आणि उपग्रहाकडून ठिकाण घेणारं यंत्र होतं. बॅटरी आहे तोवर कॉलर बोलते.

पाळीव प्राण्यांची मायक्रोचिप मात्र मुकी असते. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, साधारण 12 मिलिमीटर लांब. आत बॅटरी नाही, सिमकार्ड नाही. डॉक्टर ती जाड सुईनं खांद्यांच्या मधे कातडीखाली सोडतात. लस टोचल्यासारखंच, फक्त सुई थोडी मोठी. स्कॅनर अगदी जवळ आणला की त्याच्या लहरींतूनच चिपला ऊर्जा मिळते आणि ती 15 आकडी नंबर सांगते. बस्स. तुमचं नाव, पत्ता, मोबाईल, काहीच चिपमध्ये नसतं. ते असतं नोंदवहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये.

आता खरी गोम इथंच आहे, आणि ती मला कुत्र्यानं नाही, गाईनं शिकवली.

माझ्या काकांनी खामगावच्या बाजारातून गाय घेतली. कानात पिवळा बिल्ला, त्यावर 12 आकडे. काका निर्धास्त. पुढं गाय वीज पडून मेली. मदतीसाठी कागद जमवायला गेलो, तर नंबर टाकल्यावर नाव निघालं आधीच्या मालकाचं. काका म्हणे, "बिल्ला त हाये ना कानात, मंग काहून अडवता?" बिल्ला होता, पण घेतल्यावर नावबदल आम्हीच केला नव्हता. आधीच्या मालकाला शोधत, सह्या घेत दोन महिने गेले. चूक आमचीच. पण दुभती गाय गेलेल्या घरात दोन महिने म्हणजे किती, ते तुम्हाला सांगायला नको.

राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. नोंद 'भारत पशुधन' प्रणालीत होते. म्हणजे गाई-म्हशींसाठी आपल्याकडं एकच मोठी नोंदवही आहे. कुत्र्या-मांजरांसाठी देशभर तशी सक्तीची एकच वही नाही. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना 2016 पासून आणि मांजरांना जून 2024 पासून चिप सक्तीची आहे; तिथं सापडलेला प्राणी स्कॅन केला की मालकाला फोन जातो. इथं तुमच्या शेरूचा नंबर कोणत्या वहीत आहे, हे सापडवणाऱ्याला कळणार कसं?

मग चिप बसवायचीच नाही का? असं नाही. गळ्यातला पट्टा तुटतो, कुणी काढूनही घेतो. चिप आयुष्यभर राहते. कुत्रा चोरीला गेला आणि "हा माझाच" म्हणून वाद झाला, तर तो नंबर कामाला येतो. नोकरीसाठी जर्मनीला निघालात आणि कुत्रा सोबत न्यायचाय, तर चिप लागतेच. आणि हो, आधी चिप, मग रेबीजची लस. उलटं केलं तर ती लस तिकडं धरत नाहीत.

बसवणार असाल तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. एक, चिप आयएसओ मानकाची, 15 आकडी आहे का? दोन, नोंद कुठं होणार आणि माझा मोबाईल बदलला तर तिथं कसा बदलायचा? तीन, तुमच्याकडं स्कॅनर आहे का? बसवल्यावर लगेच स्कॅन करून नंबर बघा आणि लसीच्या कार्डावर लिहून घ्या.

आणि चिप असो-नसो, आज संध्याकाळी एक काम करा. पट्ट्यावर मोबाईल नंबर कोरलेला बिल्ला लावा. दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून शेरू मलकापूर रोडला पळाला, तर तो सापडेल एखाद्या चहावाल्याला. त्याच्याकडं स्कॅनर नसेल, फोन नक्की असेल.

घरी गाय-म्हैस असेल, तर बिल्ल्याचा नंबर घ्या आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा: ही कुणाच्या नावावर आहे? काकांनी नवीन गाय घेतली, तेव्हा दावं गोठ्यात बांधायच्या आधी हेच केलं.

भेटू पुढच्या आठवड्यात. प्रश्न पाठवत राहा!