सकाळी साडेसातचा वानर

पहाटे ५.४०
अंबाजोगाईच्या कडेला, परळी रस्त्यावरून आत वळलं की एक पत्र्याची खोली. दहा बाय आठ. आज मंगळवार, २० ऑगस्ट २०२४. काल श्रावणी सोमवार आणि राखी एकाच दिवशी आली. वैजनाथाला जाणाऱ्या गाड्या रात्री उशिरापर्यंत वाजत होत्या. हा पोरगा मात्र कुठं गेला नाही. राखी बांधून घेतली, ताईला ओवाळणीचे ५०० दिले आणि कॉम्प्युटरपुढं बसला.

वय २४. यूट्यूबवर मराठीतून गेम खेळून दाखवतो. नाव छापू नका म्हणाला, चॅनलचंही नको. "जाहिरात केल्यासारखं दिसतंय ते."

आत्ता तो दात घासत इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी बघतोय. गेम आज सुटणार आहे. 'ब्लॅक मिथ: वुकाँग'. चीनमधल्या हांगझोऊच्या गेम सायन्स कंपनीचा. पहिली झलक त्यांनी २० ऑगस्ट २०२० ला दाखवली होती. बरोबर चार वर्षांनी गेम येतोय. १३० जीबी. दोन रात्री डाउनलोड चालला होता, कुलूप लावलेल्या पेटीसारखा. पेटी घरात आली, किल्ली साडेसातला मिळणार.

सकाळी ६.१५
खोलीतला ऐवज मी लिहून घेतो. कॉम्प्युटर लातूरहून आणलेला, सेकंडहँड, ३८ हजार. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, म्हणजे या गेमला कमीत कमी जे लागतं त्याच्या एक पायरी वर. माइक २,३००. नवी एसएसडी २,९००, याच गेमसाठी घेतलेली. इन्व्हर्टर बॅटरीसकट ९ हजार, तोही जुना. भिंतीवर दोन वाकळा टांगल्यात. आवाज घुमू नये म्हणून बाजारात स्पंज मिळतो, पण वाकळ घरचीच होती.

आणि गेम ३,५९९ रुपये. त्यातले ३ हजार आईचे. सरकारच्या 'लाडकी बहीण' योजनेचे दोन हप्ते गेल्या आठवड्यात तिच्या खात्यावर आले, ते तिनं उसने दिले.
"उसने म्हणजे उसने," आई चुलीपासून म्हणते.

सकाळी ६.४०
थंबनेलवरून वाद. थंबनेल म्हणजे व्हिडिओवरचं चित्र. गिऱ्हाईक दुकानात शिरणार की पुढं जाणार ते तिथंच ठरतं. ताईनं मजकूर सुचवलाय, 'चिनी मारुती आला!'
"नाही," तो म्हणतो.
"लोक बघतील की."
"बघतील आन् शिव्या देतील. समोर मारुतीचं देऊळ हाय, ताई."

गेमचा नायक वानर आहे, हातात सोटा. 'पश्चिमेची यात्रा' या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीतला सुन वुकाँग. तो हनुमानावरून आला का, हा वाद चिनी लोकांतही जुना आहे. हू शी या विद्वानानं शंभर वर्षांपूर्वी म्हटलं, मूळ भारतात असावं. लू शून यांना ते पटलं नाही. हे सगळं या पोरानं वाचलंय, इंग्रजीतून, फोनवर, भाषांतर करून करून. थंबनेलबाबत मला पोराचं बरोबर वाटतं. ताईला नाही वाटत.

शेवटी ठरतं, 'ह्युएन त्संगचा वानर'. कारण त्या कादंबरीतला भिक्षू म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएन त्संग. सातव्या शतकात पोथ्या आणायला भारतात आला. पुलकेशी दुसऱ्याच्या राज्यात, महाराष्ट्रातही येऊन गेला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचं लिहून गेला. पोरानं शनिवारी यावर अकरा मिनिटांचा व्हिडिओ टाकला होता. गेम यायच्या तीन दिवस आधी. लोक आधी शोधतात, मग खेळतात. हिंदीत या गेमवर शेकड्यानं व्हिडिओ होते, मराठीत त्याला एकही दिसला नाही. आज सकाळपर्यंत तो ६१ हजार जणांनी बघितलाय. चॅनलला वर्गणीदार ११ हजार. म्हणजे बाहेरची माणसं आली.

सकाळी ७.३०
किल्ली मिळाली. पण पेटी उघडायलाच वेळ. पडद्यावर निळी पट्टी सरकते, फायली मोकळ्या होतात. मोठ्या चॅनलांना गेम आधीच फुकट मिळालाय. त्यांची परीक्षणं १६ तारखेलाच आली. काहींना प्रतीबरोबर न बोलायच्या विषयांची यादीही आली होती. राजकारण नको, कोविड नको, स्त्रीवाद नको. त्यावरून जगभर बोंब झाली.
"मला कोण देतंय फुकट," तो म्हणतो. "मी इकत घेतलीय. मी काय बी बोलीन."
पट्टी ४० टक्क्यांवर. आई खुरपणीला निघाली. सोयाबीन, रोज २५० रुपये.

सकाळी ८.२०
गेम उघडला, तर तो आणखी एक पट्टी दाखवतो. ग्राफिक्सची तयारी चालू आहे म्हणे. तोवर हा थेट प्रक्षेपण सुरू करून टाकतो. रिकाम्या पट्टीवर बोलत राहतो. रामराम, कुठनं कुठनं बघायलेत, सांगा. केज. माजलगाव. एक जण भोसरीहून, कंपनीच्या बसमधून. बघणाऱ्यांचा आकडा ३१.

मग ढग. ढगांवर उभं स्वर्गाचं सैन्य आणि समोर एकटा वानर. पोराचा आवाज बदलतो. मघाशी बॅटरीत पाणी बघणारा हा नव्हेच. श्रावणात देवळात पोथी लावतात ना, वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा एक? हा अर्थ सांगणारा. पडद्यावर इंग्रजी वाक्य येतं, तो सरळ अंबाजोगाईच्या मराठीत सोडतो. थांबत नाही. उजव्या हातावरची राखी माउसला घासते, गोंडा उसवलाय.

सकाळी ९.१०
रांजणाएवढ्या डोक्याचा एक उघडा राक्षस वाटेत भेटतो. त्याच्याशी लढायलाच पाहिजे असं नाही, बाजूनं निघून जाता येतं. हा जात नाही. मरतो. पुन्हा जातो, पुन्हा मरतो. चौथ्यांदा राक्षस डोकं आपटतो आणि वानर चेंडूसारखा उडतो. बघणारे ८७ झाले.
मी हळूच विचारतो, मुद्दाम का? माइक बंद करून सांगतो, "जिंकलेलं कुणी बघत नाही. मेलेलं बघतेत."
एकूण १४ वेळा मेला. त्यातले तीनच मुद्दाम होते, हे त्यानं नंतर कबूल केलं.

सकाळी १०.२५
सर आली. पत्र्यावर पाऊस म्हणजे ताशा. माइकला दुसरं काही ऐकूच जात नाही. तो वाकळ काढून डोक्यावर घेतो, माइकसकट आत. गोधडीच्या आतून वाघ्या-मुरळीसारखा ओरडतो. बघणाऱ्यांना हे गेमपेक्षा आवडलं. १२०. आजच्या सकाळचा हा सगळ्यात मोठा आकडा, आणि तो पावसानं दिला.

सकाळी ११.४०
लाईट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर तासभरही चालत नाही. त्यापेक्षा वाईट, गल्लीतला इंटरनेटचा डबाही लाईटीवर चालतो, तोही मेला. फोनचं नेट जोडलं तर चित्र ठोकळे ठोकळे होतं. जुलैत सगळ्यांची रिचार्ज महागली, तरी पावसात रेंज तेवढीच. त्यानं रामराम केला आणि बंद केलं. तीन तास वीस मिनिटं झाली. पहिला अध्याय संपायला एक लढाई बाकी.

दुपारी १२.१५
आई परत आली. वाफसा नाही, खुरपणी बंद. अर्ध्याच रोजाचे १२५ मिळाले. भाकरी, मिरचीचा ठेचा, शेपूची भाजी. जेवताना हिशोब निघतो. या घरात हिशोब टनात होतो. आई-बाप दोघं मिळून एक कोयता. दसऱ्यानंतर सहा महिने साखर कारखान्यावर, ऊस तोडायला. जानेवारीत तोडणीचा भाव ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ चे ३६६ झाले.

"त्या शनिवारच्याचे किती झाले?"
"हजार माणसांमागं ३२ रुपये धर. ६१ हजार. एकोणीसशे पन्नास."
आई बोटं मोडते. "पाच टन. वर थोडं." मग नवऱ्याकडं बघते. "दोन दिवसाचा कोयता."
"तेवढा करायला मला बी आठ दिवस लागले, आई. वाचायलाच चार गेले."
"आन् मुकादम किती घेतो तुमचा?"
"यूट्यूब? शंभरातले ४५."
आई भाकरी खाली ठेवते. "बाई! आमचा मुकादम बरा म्हणायचा."

हे पैसे हातात कधी येतात, तेही विचारलं. शंभर डॉलर साठल्याशिवाय येत नाहीत. साठले तर पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेत. गेल्या वर्षभरात पाच वेळा आले. म्हणून दुपारी नोकरी.

दुपारी १.३०
बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. रोज ३००, आज अर्धा म्हणून १५०. दारात पंचवीसेक बायका. लाडकी बहीणचे फॉर्म ३१ तारखेपर्यंत. काहींचे पैसे आलेत, काहींचे नाहीत. ज्यांचे नाहीत त्यांचं बहुतेक एकच दुखणं, आधार बँकेला जोडलेलं नाही, किंवा जोडलंय ते भलत्याच जुन्या खात्याला.
"भाऊ, शेजारणीला आले, मला नाही."
"अंगठा ठेवा, मावशी."

काउंटरखाली फोन. दोन फॉर्मांच्या मधे तो रांजणडोक्याचा तुकडा कापतो. उभा, ३८ सेकंद. चौथा मृत्यू, आणि त्यावर स्वतःचा आवाज, "आई गं." बास. २.१२ ला टाकला. खेळ नवा असतो तेव्हा पहिले तीन दिवस पिकाचे. चौथ्या दिवशी हाच तुकडा टाकला तर शिळा. हे तो फॉर्म भरता भरता सांगतो, अंगठ्याचं यंत्र पुसत.

सायंकाळी ५.५०
पाणी उघडलं. घरी अंगणात मुकादम बसलाय, चहा झालाय. उचलीची, म्हणजे हंगामाआधीच्या आगाऊ पैशांची बोलणी. बाप ऐकतो, बोलत कमी.
"पोरगा काय करतो?" मुकादम विचारतो.
"कॉम्प्युटरवर असतो."
"हां," मुकादम म्हणतो, आणि विषय तिथंच राहतो.
आत पोरगा सकाळच्या तीन तासांतून बारा मिनिटं काढतोय. चित्र मुद्दाम मोठ्या मापात चढवतो, मग यूट्यूब ते कमी फाडतं. चढायला ५० मिनिटं लागतात. तेवढ्यात त्यानं अंघोळ केली, दळण आणलं, आणि दाराच्या कडीला लोंबणारी वायर टेपानं बांधली.

बीजीएमआय आणि फ्री फायर हे मोबाईलवरचे गेम, ही त्याची रोजची भाकरी. पण २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायरवर बंदी आली, जुलैत बीजीएमआय गायब झाला, तो दहा महिन्यांनी परत आला. त्या दहा महिन्यांत चॅनल अर्धं झालं. तेव्हापासून तो एका गेमवर विसंबत नाही. जीटीएच्या सहाव्या भागासाठीही पैसे टाकतोय, पुढच्या वर्षी येणार म्हणून. तो आधी फक्त कन्सोलवर येणार, आणि कन्सोल म्हणजे अख्खी उचल. (ती तारीख पुढं दोनदा ढकलली. या पोराच्या पथ्यावरच पडलं.)

रात्री ९.००
दुसरं प्रक्षेपण. आता आकडा सुरुवातीलाच १४०. पोरं जेवून बसलीत. ४० रुपयांचा एक सुपरचॅट येतो, म्हणजे पैसे भरून पाठवलेला निरोप. मजकूर, 'दादा मोबाईल बाबांचा हाय, साडेनऊला द्यायचाय, अस्वल लवकर मारा.' चाळिसातले २८ याला मिळतील. तो त्या पोरासाठी घाई करतो. काळ्या वाऱ्याच्या डोंगरावरचं अस्वल ९.२७ ला पडतं. तीन मिनिटं राखून.

रात्री १०.२०
दुसरा अध्याय. पिवळी वाळू, उजाड डोंगर, आणि एका दगडावर बसलेला माणूस. धडावर मुंडकं नाही. हातात तीन तारांचं वाद्य, आणि तो गातोय. उत्तर चीनच्या शेन्सी प्रांतात कथेकरी असं गातात.
दारात उभी ताई म्हणते, "अगंबाई, गोंधळीच की!"
माइकनं ते पकडलं. चॅटमध्ये धबधबा. कुणी तुणतुणं लिहितं, कुणी संबळ कुठाय विचारतं. गाण्यावर हक्क सांगून व्हिडिओचे पैसे कुणी उचलू नये म्हणून हा दर दहा सेकंदांनी मधे बोलतो. पण एकदा विसरतो. अर्धा मिनिट तो नुसता ऐकत बसला.
आकडा २३६. या खोलीतला आजवरचा सगळ्यात मोठा.

रात्री १२.१०
बंद. कॉम्प्युटरच्या पंख्यातून गरम वारा येतोय. जगात आज स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर हा गेम एका वेळी २२ लाखांहून जास्त लोक खेळत होते. इथला हिशोब असा. सकाळचा व्हिडिओ ४ हजार. रांजणडोक्या ७० हजार, पण उभ्या तुकड्याला पैसे नावाला. खरे रुपये किती, ते दोन दिवसांनी दिसतील. गोंधळ्याचा तुकडा कापून ठेवलाय, सकाळी सहाला सुटेल. त्यावर मजकूर ताईचा, तिच्याच शब्दांत. यावेळी वाद नाही.

आई झोपली नव्हती.
"किती टन?"
"परवा सांगतो."
तो दिवा मालवतो. वाकळ भिंतीवरून काढून अंगावर घेतो, उद्या परत टांगायची. आईचे ३ हजार अजून द्यायचेत.